जागल्याची पहिली झोप

बस डेपोच्या डोक्यावर तीन खोल्या होत्या आणि तिसऱ्या खोलीत जागल्या राहायचा. राहायचा म्हणजे एका लोखंडी कपाटात उभा असायचा. पण त्या खोल्यांतलं कुणीही त्याच्याविषयी यंत्राविषयी बोलावं तसं बोलत नसे. जागल्या आज जरा तापलाय, जागल्याला सकाळपासून दम नाही, असंच सगळं बोलणं. शहरभर बसथांब्यांवर त्या उजळ पाट्या असतात ना, पुढची बस कुठली आणि कधी ते सांगणाऱ्या, त्या सगळ्या घडोघडी याच्याच दारावर टकटक करायच्या आणि हा न कंटाळता उत्तर द्यायचा. ड्रायव्हरांच्या पाळ्या त्याच्या पोटात, गाड्यांची दुखणीखुपणी त्याच्या पोटात. कागदोपत्री त्याचं नाव डेटाबेस सर्व्हर. पण सुरू केल्या दिवसापासून तो एकदाही थांबला नव्हता, कुणी थांबवलाही नव्हता, म्हणून जागल्या.

त्याला सांभाळायची वहिनी. खरं तर ती एकटीचीच वहिनी होती. तिची धाकटी नणंद मुख्य कार्यालयात संगणकांच्या सुरक्षेचं काम बघायची, अधूनमधून इथं तपासणीला यायची आणि दारातूनच हाक द्यायची, "वहिनी, आहात का?" ऐकून ऐकून सगळा विभाग वहिनी म्हणायला लागला, टक्कल पडलेले साहेबसुद्धा. वहिनी नणंदेला रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची, म्हणून नणंदही सगळ्यांची वन्सं झाली. वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा थोरला भाऊ, खालच्या डेपोतच बस चालवायचा. जिन्यावर भेट झाली की डबा इकडून तिकडे जायचा. ऑफिस कसलं, घरचंच बिऱ्हाड ते.

भिंतीवर एक काळा फळा होता. जागल्या किती दिवस जागा आहे तो आकडा त्यावर खडूनं लिहिलेला. सकाळी जो पहिला येईल त्यानं कालचा पुसायचा आणि एकानं वाढवून लिहायचा, अशी चाल पडली होती. या मानासाठी वायरींचं काम बघणारा तारवाला चहा न पिता घर सोडायचा. आकडा केव्हाच चार अंकी झाला होता आणि वहिनी त्याच्याकडे बघायची ती अंगणातलं झाड छपरापर्यंत पोचल्यावर बघावं तशी.

त्या आठवड्यात मात्र फळ्याला भलताच भाव आला होता. वरच्या मंडळींच्या मनात हे सगळं काम बाहेरच्या एका कंपनीला देऊन टाकायचं घाटत होतं. तसं झालं की तीन खोल्यांना कुलूप, माणसं चार दिशांना, आणि वहिनीची बदली तिकिटं छापणाऱ्या शाखेत. शुक्रवारी समिती बघायला येणार होती. साहेबांनी आपली बाजू मांडायला पानंच्या पानं लिहिली होती, पण त्या सगळ्याचं सार एकच: आमचा सर्व्हर आजवर एकदाही थांबलेला नाही. शुक्रवारी अध्यक्षबाईंना आधी फळ्यासमोर उभं करायचं आणि मगच पाणी विचारायचं, असा त्यांचा बेत होता.

आणि सोमवारी सकाळी वन्सं आली. तिनं आल्या आल्या जागल्याच्या कपाटाला टिचकी मारली आणि नेहमीसारखं गुणगुणली,

"जागल्या रे जागल्या, डोळा तुझा लागंना,
शहर सारं पेंगतं, तुझं काम भागंना."

मग खुर्ची ओढून वहिनीच्या समोर बसली आणि सांगितलं की याला आज झोपवावं लागेल.

वहिनीला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांनीच जाहीर सूचना काढली होती की आमच्या मालात भोक सापडलंय, दुरुस्ती सोबत दिली आहे, लावून घ्या. दुरुस्ती लावायची तर सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करणं आलं.

साहेबांनी विचारलं, भोक म्हणजे नेमकं काय. वन्संनं टेबलावरचा चहाचा पेला पुढे ओढला. ती म्हणाली, दारावर कुणी टकटक केली की जागल्या पहिल्यांदा विचारतो, कोण? पासवर्ड नंतर. ते नाव धरून ठेवायला त्यानं एवढा एक पेला मांडलेला असतो. त्याच्या शेजारीच एक चिठ्ठी असते: नाव घेऊन झालं की परत कुठल्या कामाला लागायचं ते तिच्यावर असतं. आता लिहिणाऱ्यानं पेला मांडला, पण ओतणारा किती ओततोय ते बघायचं राहिलं. कुणी घागरभर नाव ओतलं तर ते पेल्यातून सांडतं आणि चिठ्ठीवर जातं. बावळट माणसानं सांडलं तर चिठ्ठी भिजते, जागल्याला पुढचं सुचत नाही, तो कोसळतो. पण बेरकी माणूस बेतानं सांडतो. असं सांडतो की चिठ्ठीवर त्याचा स्वतःचा हुकूम उमटतो. आणि आपला जागल्या आज्ञाधारक, चिठ्ठीत असेल ते करायला निघतो. बफर ओव्हरफ्लो म्हणतात ते हेच.

"आमचा जागल्या असं करायचा नाही," वहिनी म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच कळलं की पोराची तक्रार घेऊन आलेल्या शेजारणीला आया हेच सांगतात.

वन्संनं वाद घातला नाही. दुसऱ्या खोलीत सरावासाठी जागल्याची एक नक्कल जुन्या संगणकावर चालवलेली होती. वन्सं तिच्यासमोर बसली. पहिल्यांदा तिनं लांबलचक नाव धाडलं आणि नक्कल मटकन खाली बसली. ती पुन्हा उभी केली. या वेळी वन्संनं घटकाभर काहीबाही जुळवलं, चष्मा पुसला आणि बटण दाबलं. कोपऱ्यातला प्रिंटर आपणहून खडखडायला लागला. तारवाल्यानं कागद ओढून मोठ्यानं वाचला: "वहिनी, मी आत आले. पासवर्ड कुणीच विचारला नाही."

तारवाला हसला, साहेब हसले नाहीत. वहिनीनं तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. कुणी परकं असंच आत आलं, तर ते प्रिंटरवर निरोप धाडत बसणार नव्हतं.

मग चर्चेला ऊत आला. तारवाला म्हणाला, बाहेरचं दारच लावून घेऊ, शुक्रवारनंतर उघडू. पण त्याचं त्यालाच आठवलं की शहरभरच्या पाट्या त्याच दारानं येतात. दार लावलं की सगळ्या आंधळ्या. साहेब म्हणाले की चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, इतकी वर्षं कुणी फिरकलं नाही, आताच कोण येतंय. वन्सं म्हणाली की इतकी वर्षं भोक कुणाला माहीत नव्हतं. आता सूचना जाहीर झाली, आणि चोरांनाही वाचता येतं. साहेबांनी कपाळ चोळलं. शून्याचा फळा समितीला दाखवायचा का, असं विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की वहिनीला त्यांची दया आली.

"वन्सं, तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "तुमची खुर्ची मुख्य कार्यालयात. खोल्या आमच्या जायच्या."

वन्संनं खुर्ची वहिनीकडे वळवली. मग म्हणाली, "मी फक्त कळवायला बांधलेली आहे, वहिनी. बंद करा म्हणायचा अधिकार मला नाही. तो तुमचा आहे. दादाच्या घासाशी मी खेळेन असं वाटतं तुम्हाला?"

वहिनी जागल्यापाशी जाऊन उभी राहिली. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते, पंखे एका सुरात गुणगुणत होते. ती मनाशी म्हणाली, या खोल्या राहाव्यात म्हणून ज्याचं कौतुक करायचं, त्याच्याच दाराला भोक ठेवून करायचं? समोर पाहुणा बसवायचा आणि पाठीमागचं दार सताड? तिला ते घशाखाली उतरेना. ती परत आली आणि म्हणाली की दुपारी बंद करू, रात्री नको. रात्री जागल्या उद्याच्या पाळ्या लावतो, त्याला तेव्हाच खरं काम असतं. दुपारी गाड्या कमी, माणसं कमी, आणि काही बिघडलंच तर सगळे जागे.

दुपारी तारवाल्यानं थांब्यांवर सूचना दिली की पाट्या थोडा वेळ बंद राहतील. वहिनीनं दुरुस्ती चढवली. शेवटचं बटण दाबायच्या आधी तिचं बोट जरा थबकलं. वन्सं शेजारीच होती, पण या वेळी गुणगुणली वहिनी, आणि इतकं हळू की शेजारच्या कानालाच ऐकू जावं:

"टेक रे पाठ जागल्या, मिटून घे डोळा,
उठवायला आहे तुला सारा गोतावळा."

पंखे मंदावले. खोलीत अशी शांतता पडली की खालच्या डेपोतला गाडी धुण्याचा आवाज वर आला. इतकी वर्षं तो आवाज या खोलीत कुणी ऐकलाच नव्हता. मग वहिनीनं पुन्हा सुरू केलं. जागल्या कण्हला, दिवे एकेक करून लागले, आणि पाट्यांची टकटक परत सुरू झाली. वन्संनं पुन्हा घागरभर नाव ओतून बघितलं. जागल्यानं थंडपणे सांगितलं की एवढं मोठं नाव आम्ही घेत नाही. तारवाल्यानं टाळ्या पिटल्या. साहेबांनी खिशातला रुमाल काढला आणि पुसायला घाम नाही म्हणून चष्मा पुसला.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. नवरा होता. तो शेवटच्या थांब्यावर गाडी लावून उभा होता आणि त्याचा आवाज जरा चमत्कारिक येत होता.

"अगं, पाटीवर गिरणी फाटक आलंय."

"गिरणी फाटक कुठलं?"

"तेच म्हणतोय मी. गिरणी पाडली, फाटक गेलं, थांबा गेला. पण पाटी म्हणते, गिरणी फाटकाची बस आत्ता येतेय. चार माणसं रांग धरून उभी आहेत. येणारच असेल म्हणतात."

वहिनीनं खिडकीतून खाली बघितलं. डेपोच्या पाटीवरही जुनं शहर उगवलं होतं. जुनं टपालघर, गिरणी फाटक, सिनेमाचं थिएटर पाडून जिथं आता गाड्या लावतात तो थांबा. दूध केंद्राला जाणारी ती बस, जी बंद करताना लोकांनी मोर्चा काढला होता. कुणी घुसलं की काय, म्हणून साहेबांचा चेहरा पांढरा पडला. वन्संनं पटापट तपासलं: कुणी नाही. बाहेरचं माणूस कशाला हवं होतं?

वहिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती खुर्चीत बसली.

गोष्ट अशी होती. सर्व्हर उठला की पहिल्यांदा आपल्या सेटिंगची फाइल वाचतो: कुठल्या कप्प्यातून काय द्यायचं, कसं वागायचं. पण चालता चालताही त्याला सांगता येतं. त्याच्या कानात म्हणावं, आजपासून वेळापत्रक नव्या कप्प्यातून दे, की तो ऐकतो आणि जागा आहे तोवर विसरत नाही. नवं वेळापत्रक आलं तेव्हा वहिनीनं असंच कानात सांगितलं होतं. फाइलीत लिहायचं राहून गेलं. राहून गेलं तरी कसं म्हणावं? जो झोपतच नाही त्यानं उठल्यावर काय करायचं, हे कोण लिहून ठेवतो? जागल्या उठला तो अगदी पहिल्या दिवसाच्या आठवणी घेऊन उठला.

"एकच गोष्ट कानात सांगितली होती की आणखी आहेत?" वन्संनं विचारलं.

खोलीत चुळबुळ झाली. तारवाला पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला की त्यानंही एकदा पाट्यांचा जोडणीचा वेळ वाढवला होता, कानातच. साहेबांनी घसा साफ केला. सुट्टीच्या दिवसाच्या पाळ्यांचा नियम त्यांनी स्वतः बसून बदलला होता, वहिनी रजेवर असताना, आणि कुणाला बोलले नव्हते. वहिनीनं त्यांच्याकडे असं बघितलं की साहेब शाळेतले झाले. मग एकाला आठवलं की दुसऱ्याला आठवायचं. वन्सं हसू दाबत लिहून घेत होती. ती म्हणाली, सासूच्या कानाला लागणाऱ्या सुना ऐकल्या होत्या, अख्खं ऑफिस कानाला लागलेलं पहिल्यांदाच बघतेय.

खाली मात्र थांब्याथांब्यावर गंमत सुरू झाली होती. नवरा फोनवरून एकेक सांगत होता. एका आजीबाईंनी दूध केंद्राची बस बघून हात जोडले आणि अखेर ऐकलं बाबा यांनी, असं म्हणून बाकावर बैठक मारली. एका गृहस्थानं बायकोला थिएटरच्या थांब्याचं नाव दाखवलं आणि विचारलं की येतेस का, तेव्हा आपला सिनेमा अर्धवट राहिला होता. बायको म्हणाली, तेव्हा तुम्हीच घोरत होता. एका पोरीला गिरणी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. रांगेतले चौघे तिला समजावून सांगायला लागले आणि चौघांच्या चार गिरण्या निघाल्या. रागावलेलं कुणी नव्हतंच असं नाही. एक बाई घड्याळाकडे बघत चिडल्या होत्या, त्यांना नवऱ्यानं स्वतःच्या गाडीत बसवलं आणि सांगितलं की पाटी काही म्हणो, ही बस खरी आहे.

वहिनीनं आधी जागल्याच्या कानात सांगून पाट्या ताळ्यावर आणल्या. जुनं शहर मावळलं. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि चहा मागवू का विचारलं. पण वहिनी फाइल उघडून बसली होती. सगळ्या कानगोष्टी तिनं एकेक करून फाइलीत उतरवल्या, आणि म्हणाली, आता परत बंद करायचा.

"परत?" साहेब बसले.

"लिहिलंय ते त्याला वाचता येतंय का, हे झोपवल्याशिवाय कसं कळणार? पाय भिजलेच आहेत साहेब, आता नदी पार करून घेऊ."

दुसऱ्यांदा उठला तेव्हा जागल्या साहेबांचा सुट्टीचा नियम विसरला, कारण साहेबांनी तो आठवणीनं सांगताना उलटा सांगितला होता. तो सरळ करून लिहिला. तिसऱ्यांदा उठला तो हसतमुख. काही म्हणजे काही विसरला नाही. तारवाला फळ्यापाशी गेला, चार अंकी आकड्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्यानं पुसवेना. शेवटी वहिनीनं पदर खोचला आणि फळा स्वच्छ पुसून काढला. शून्यही लिहिलं नाही. तारवाल्याला तिनं सांगितलं की उद्यापासून चहा घेऊन निघत जा.

शुक्रवारी समिती आली. तिघं जण होते. अध्यक्षबाई सडसडीत, केस पांढरे, बोलणं मोजकं. साहेबांची पानं त्यांनी वाचून आणली होती आणि पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली होती. त्याच ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं की सर्व्हर आजवर एकदाही थांबलेला नाही, हे बरोबर ना.

साहेबांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "बरोबर होतं, बाई. सोमवारी मी तो तीनदा बंद केला."

"कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्याच."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. पेला सांगितला, चिठ्ठी सांगितली, प्रिंटरवरचा कागद सांगितला. गिरणी फाटकही लपवलं नाही. आमची सवयच आम्हाला नडली, म्हणाली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले की बाहेरच्या कंपनीनं तर लेखी दिलंय, त्यांचा सर्व्हर कधीच थांबत नाही. वहिनी म्हणाली की आम्हीही सोमवारपर्यंत तेच लिहून देत होतो. सॉफ्टवेअर त्यांचंही हेच आहे, त्यांनी ही दुरुस्ती लावली का, एवढं त्यांना विचारा. लावली असेल तर तोही थांबला असणार.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"आत्ता बंद करून दाखवता येईल?"

वहिनीनं कपाटाकडे बघितलं. तीनदा झोपवून उठवलेला जागल्या, पण पाहुण्यांसमोर पोरं नेमकी अडून बसतात. तरी ती म्हणाली, "येईल." तारवाल्याला पाट्यांवर सूचना द्यायला सांगून ती बसली आणि बटण दाबलं.

पंखे मंदावले. अध्यक्षबाई उठून खिडकीशी गेल्या. खाली डेपोच्या थांब्यावर पाटी विझली होती आणि पंधरा-वीस माणसं माना वर करून बघत होती. तेवढ्यात वहिनीचा नवरा गाडीतून खाली उतरला. त्यानं पाटीकडे बघितलं, वरच्या खिडकीकडे बघितलं, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन कुठली गाडी कुठं जाणार ते पुकारायला लागला. नुसतं पुकारून त्याचं भागलं नाही. थांब्यांची नावं तो एकात एक गुंफत गेला, दोन थांब्यांमागे सूर उचलायचा, तिसऱ्यावर टेकवायचा, आणि माणसं हसत हसत आपापल्या गाडीकडे सरकायला लागली. वन्संनं कपाळाला हात लावला. दादाचं हे असं, म्हणाली, एकदा सुरू झाला की थांबत नाही.

वहिनीचे डोळे पडद्यावर होते. एक दिवा लागला, मग दुसरा. जागल्यानं फाइल वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. टकटक सुरू झाली. खाली पाटी उजळली आणि तिच्यावर आजचं शहर होतं, आजच्या गाड्या, आजच्या वेळा.

"उठला," वहिनी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी हात वर करून तिला थांबायची खूण केली. खालचं पुकारणं अजून संपलं नव्हतं. शेवटच्या थांब्याचं नाव सुरावर टेकेपर्यंत त्या ऐकत राहिल्या आणि मग वळल्या. सोबतच्या गृहस्थांना त्यांनी सांगितलं की काम इथंच राहील तसं लिहा, आणि महिन्यातून एकदा बंद करून उठवून बघायचं हेही त्यातच लिहा. साहेबांकडून पाहुण्यांना पाणी विचारायचं राहूनच गेलं होतं. ते आता धावले.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर अध्यक्षबाई थांबल्या आणि मागे वळून वहिनीला म्हणाल्या,

"पुढच्या महिन्यात बंद करायच्या आधी मला कळवा. मी खाली थांब्यावर येऊन उभी राहते."